सीलबंद भोपळा

बी उगवायला काय काय लागतं, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी मी सांगेन. पाणी, हवा आणि ऊब. कुणाला थोडा उजेड लागतो, कुणाला अंधार. कुणाला आधी थंडीत कुडकुडावं लागतं, कुणाची साल घासावी लागते. एवढं जमून आलं की बी उगवतं. नाही आलं तर वाट बघत पडून राहतं आणि त्याबद्दल कुणाकडे तक्रार करत नाही. आमच्या इमारतीच्या समितीत असा एकही सभासद नाही.

मुद्दा गच्चीच्या कोपऱ्याचा होता. पाण्याची जुनी टाकी काढल्यावर तिथं विटांचा एक चौथरा उरला होता आणि त्यात भराव म्हणून कुणीतरी कधीकाळी टाकलेली माती. जमिनीपासून इतक्या उंचीवर माती, आणि तिच्यावर दिवसभर ऊन! आई कपडे वाळत घालायला म्हणून गच्चीवर जायची ती तास तास खाली यायचीच नाही. एकदा मी बघायला गेलो, तर लोक नदीत पाय सोडून बसतात तशी ती त्या मातीत बोटं खुपसून बसली होती. मला बघून दचकली. म्हणाली, "चिमटा पडला होता." चिमट्यांची पिशवी तिच्या खांद्यावर होती आणि तोंड बांधलेलं होतं.

मी त्यावर काही बोललो नाही. मी बोललो ते सभेत, आणि तिथं बोलायची काही गरज नव्हती.

सभेत अध्यक्षांनी त्या कोपऱ्यावर पत्र्याची शेड टाकून आपली ट्रेडमिल ठेवायचा प्रस्ताव मांडला. अध्यक्ष तिसऱ्या मजल्यावर राहतात. देह भरदार, आवाज त्याहून भरदार. ट्रेडमिल "सर्व सभासदांसाठी खुली" राहील असं ते म्हणाले. घरात ती नको झाली आहे, कारण तिच्यावर त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, टॉवेल वाळवतात, हे त्यांनी सांगितलं नाही. पण ते सगळ्यांना माहीत होतं. आई माझ्या शेजारी बसली होती. ती हातातली किल्ली या बोटातून त्या बोटात फिरवू लागली. आई अशी किल्ली फिरवायला लागली की आमच्या घरात कुणाचं तरी काहीतरी चुकलेलं असतं.

मी उठलो. "त्या कोपऱ्यात माझी आई भोपळा लावणार आहे," मी म्हणालो. "अख्ख्या इमारतीला पुरेल इतका."

हे आईलाही नवीन होतं.

"भोपळा?" अध्यक्ष म्हणाले. "अरे, तो तर तू शाळेतच मिळवलास ना?"

सभा हसली. माझ्या स्वाभिमानाला कुणी खडा मारला की माझं डोकं थंड होतं आणि तोंड सुटतं. मी बोलत सुटलो. शेवटी चिटणीसांनी, जे नाकावरचा चष्मादेखील नियमानुसार पुसतात, एक तोडगा काढला. आधी आमच्या घरात भोपळ्याचं बी उगवून दाखवायचं. पुढच्या सभेपर्यंत उगवलं तर कोपरा आईचा. नाही उगवलं तर ट्रेडमिलचा. ठराव मंजूर.

घरी येताना आई जिन्यात थांबली. "अरे, पण मी आयुष्यात बी कधी लावलेलंच नाही," ती म्हणाली.

हे खरं होतं. आमच्या जुन्या तळमजल्यावरच्या घरापुढे आईची बाग होती, पण तिच्यातलं प्रत्येक झाड फांदीचं होतं, आणि प्रत्येक फांदी कुणाच्या तरी कुंपणावरून आणलेली. कुणाकडे भेटायला गेलो की निघताना आई म्हणायची, "तुम्ही व्हा पुढे, मी आलेच." आणि आली की तिच्या पिशवीतून काहीतरी हिरवं डोकावत असायचं. फांदी कशी खुडावी यात तिचा हात कुणी धरला नसता. धरला असता तर पंचाईतच झाली असती म्हणा. पण बी हा प्रकार तिला परका होता. बी बाजारात मिळतं, त्यामुळे ते मिळवण्यात तिला कधी रस वाटला नव्हता.

"तू काळजी करू नकोस," मी म्हणालो. "हे माझ्यावर सोड."

मी कुणी ऐरागैरा नाही. मी एका कंपनीत घरगुती उपकरणांची माहितीपत्रकं लिहितो. 'मिक्सर पाण्यात बुडवू नये', 'पंखा चालू असताना त्यात बोट घालू नये' ही वाक्यं माझी आहेत. सूचना लिहिणाऱ्या माणसाला सूचना वाचाव्या लागत नाहीत, असा माझा त्या काळी समज होता.

पहिल्या खेपेला मी एका ट्रेमध्ये माती भरली, पेन्सिलीनं भोकं पाडली आणि बिया आत सोडल्या. पेन्सिल कुठपर्यंत खुपसायची याला मी काही मर्यादा ठेवली नव्हती. मागचं खोडरबर मातीला टेकलं की भोक पूर्ण. झाड खोल रुजलेलं बरं, असा साधा विचार. बी लहान असतं, त्याच्या पोटात थोडीच शिदोरी असते, वर यायला इतकं अंतर पडलं तर ते वाटेतच उपाशी मरतं, हे मला कुणी सांगितलं नाही. सांगायला कुणी आलं असतं तरी मी त्याला सांगू दिलं नसतं.

मग पाणी. रोज सकाळी ऑफिसला निघण्यापूर्वी मी ट्रेला पाणी घालायचो. हा विसरणार, याची खात्री असल्यामुळे मी गेलो की आई घालायची. आईचे गुडघे दुखतात, तिला जमलं नसेल, म्हणून दुपारी बाबा घालायचे. आणि घरात कुणालाच कसलं भान नसतं असं लहानपणापासून मानणारी ताई संध्याकाळी कामावरून आली की घालायची. चौघांपैकी कुणीही कुणाला बोललं नाही. आमच्या घरात प्रेम असंच करतात, एकमेकांच्या नकळत आणि गरजेपेक्षा जास्त.

हे उघडकीला आणलं तिसऱ्या मजल्यानं. अध्यक्ष बनियनवर वर आले.

"तुमच्या घरात बी उगवतंय की विहीर लागलीय?" ते म्हणाले. "माझ्या छतातून थेंब पडतायत. ट्रेडमिलवर!"

आम्ही चौघांनी ट्रेकडे बघितलं. वर पाणी, खाली चिखल, आणि मधे एक डास निवांत बसलेला. अति तिथे माती म्हणतात. आमच्याकडे अति झालं आणि मातीसुद्धा उरली नाही.

दुसऱ्या खेपेला मी सल्ला घ्यायचं ठरवलं. सल्ला घ्यायला आमच्याकडे दार उघडावं लागतं, एवढंच. समोरच्या काकू दारातच होत्या.

"बियाकडे बघायचं नाही," काकू म्हणाल्या. "बघितलं की ते लाजतं. काळ्या फडक्यानं झाकून ठेव."

"आणि उजेड?"

"उगवल्यावर उजेड. आधी कशाला? तू पोटात असताना आईनं बॅटरी लावून बघितलं होतं का तुला?"

मी काकूंकडूनच एक काळं फडकं मागून घेतलं. मी आत येऊन फोनवर वाचायला लागलो. काही बियांचं कवच कठीण असतं, ते घासावं, असं एका ठिकाणी लिहिलं होतं. काही बिया आधी थंडीत ठेवाव्यात, असं दुसऱ्या ठिकाणी. ही 'काही' बियांची गोष्ट आहे, भोपळ्याची नव्हे, हे खालच्या ओळीत लिहिलं होतं. खालची ओळ मी वाचली नाही. माझ्या पत्रकांतल्याही खालच्या ओळी कुणी वाचत नाही. त्यात काय विशेष? मी ताईची नखं घासायची कानस घेतली आणि एकेका बीला बसून मॅनिक्युअर केलं. मग त्या फ्रीजमध्ये ठेवल्या. मग काढल्या, पेरल्या, काळ्या फडक्यानं झाकल्या. यावेळी खोल नाही गाडल्या. माणूस शिकत असतो.

"गार पडल्यात त्या," ताई ट्रेला हात लावून म्हणाली. ताई फिजिओथेरपिस्ट आहे. जगातलं प्रत्येक दुखणं एकतर आखडल्यामुळे असतं किंवा गारठ्यामुळे, असं तिचं मत आहे. "ऊब दे त्यांना, शहाण्या."

"दे की. तुझंच खातं ते."

तिनं तिच्या दवाखान्यातली विजेवर तापणारी शेकायची पिशवी आणली, चालू करून ट्रेखाली ठेवली आणि आपण एका पेशंटकडे गेली. पेशंटची मान अवघड निघाली. ती परत आली तेव्हा ट्रेमधल्या मातीची वीट झाली होती. मी एक बी उकरून काढून बाबांना दाखवलं. बाबांनी ते चावून बघितलं आणि म्हणाले, "मीठ हवं होतं."

इथपर्यंत आमचं सगळं खासगीत चाललं होतं. तिसऱ्या खेपेपासून ते सार्वजनिक झालं, आणि त्याचं श्रेय बाबांना.

समितीला संशय आला होता. हे लोक ऐन वेळी रोपवाटिकेतून रोप आणून ट्रेमध्ये खोचतील, असं अध्यक्ष चिटणीसांपाशी म्हणाले, चिटणीस काकूंपाशी म्हणाले आणि काकू आमच्या दारात उभ्या राहून कुणापाशीच नाही अशा आवाजात म्हणाल्या. खरं सांगायचं तर हा विचार माझ्याही मनात येऊन गेला होता, आणि मी त्याला बसायला खुर्चीही दिली होती. पण बाबांनी ते ऐकलं.

बाबा वजनमाप खात्यात निरीक्षक होते. उभी नोकरी त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासण्यात आणि बरोबर निघालेल्या मापांना शिशाचं सील ठोकण्यात काढली. निवृत्त होताना त्यांना सगळ्यांनी मिळून घड्याळ दिलं. ते त्यांनी परत केलं आणि सील ठोकायची जुनी पक्कड मागून घेतली. असा माणूस.

"लबाडी?" बाबा म्हणाले. "आमच्या घरात? बोलवा समितीला. ट्रे सील करू."

"अहो, आपण आपल्याच बाजूचे आहोत," आई म्हणाली.

"म्हणूनच."

समिती आली. आमच्या दिवाणखान्यात, सगळ्यांच्या देखत, नव्या मातीत नव्या बिया पेरल्या. बाबांनी ट्रे एका मोठ्या पारदर्शक डब्यात ठेवला. डबा बंद केल्यावर पुन्हा पाणी घालता येणार नाही, हे आईच्या लक्षात आलं, म्हणून तिनं सभेपर्यंतचं सगळं पाणी एकदमच घातलं. बाबांनी झाकण लावलं, कडेनं चिकटपट्टी फिरवली, वर आडवी-उभी तार आवळली आणि पकडीनं शिशाचं सील ठोकलं. कट्ट असा आवाज झाला. चिटणीसांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. एवढं नीट बंद केलेलं काही त्यांनी बघितलं नव्हतं.

"मुंगी शिरणार नाही," बाबा म्हणाले.

मुंगी शिरली नाही. काहीच शिरलं नाही. डब्याला आतून घाम सुटला, मग त्याचं धुकं झालं, आणि आत काय चाललंय ते दिसेनासं झालं. मी पुन्हा फोनवर वाचायला बसलो, आणि यावेळी, आयुष्यात प्रथमच, खालच्या ओळी वाचल्या. बी श्वास घेतं, असं तिथं लिहिलं होतं. पाणी पिऊन फुगलं की त्याला भूक लागते, भूक लागली की हवा लागते. चिखलात बुडालं तर ते गुदमरतं आणि सडतं.

मी बाबांना वाचून दाखवलं. बाबांचा चेहरा उतरला, पण पाठ ताठ राहिली.

"सील समितीच्या संमतीशिवाय तुटणार नाही," ते म्हणाले.

"तुम्हीच लावलंय ना?"

"लावणाऱ्यानं तोडायचं असतं तर लावायचं कशाला?"

मी चिटणीसांकडे गेलो. सील तोडायला विशेष बैठक लागते, आणि विशेष बैठक बोलवायला अध्यक्षांची सही, असं त्यांनी सांगितलं. अध्यक्षांकडे गेलो. ते म्हणाले, "सही करतो की. पण त्याआधी चिटणीसांनी मला तसं लेखी कळवायला हवं." आंधळं दळत होतं, कुत्रं पीठ खात होतं आणि दोघंही नियमानं चालले होते. घरी आलो तर आई डब्यासमोर स्टूल टाकून बसली होती. डब्यावरून एक थेंब आतल्या आत ओघळत होता, तो बघत होती. मला एकदम जाणवलं की कोपरा जाणार. माझ्या तोंडामुळे, बाबांच्या प्रामाणिकपणामुळे आणि आम्हा सगळ्यांच्या मायेमुळे जाणार, आणि आई त्याबद्दल आम्हाला कधी एक शब्दही बोलणार नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

सभेचा रविवार उजाडला. सील शाबूत असल्याची खात्री करायला अध्यक्ष आणि चिटणीस आमच्या घरी आले, आणि डबा खाली सभेच्या खोलीपर्यंत त्यांच्या नजरेसमोर नेला जावा असं ठरलं. म्हणून लिफ्टमध्ये आम्ही असे होतो: अध्यक्ष, चिटणीस, बाबा, मी आणि डबा धरलेली आई. लिफ्टवर माणसांचा आकडा लिहिलेला असतो, पण तो लिहिताना त्यांनी अध्यक्ष बघितलेले नसतात.

दोन मजल्यांच्या मधे दिवा गेला, पंखा थांबला आणि लिफ्टही थांबली.

"वीज गेली," चिटणीस म्हणाले. त्यांनी ते अधिकृत केलं.

पहिल्यांदा सगळे हसले. मग कुणी हसेना. अंधार होता, उकडत होतं, आणि सगळ्यांच्या घामानं हवा ओली झाली होती. अध्यक्षांचा श्वास ऐकू यायला लागला. चालू ट्रेडमिलचा येतो तसा.

"हवा," अध्यक्ष म्हणाले. "जरा हवा येऊ द्या हो कुणीतरी. मला गुदमरतंय."

"दाराला फट आहे, अध्यक्ष," मी म्हणालो. "नाक लावा."

त्यांनी खरंच लावलं. तेवढ्यात अंधारातून आईचा आवाज आला. तिनं तो चढवला नव्हता.

"भाऊजी, तुम्हाला इतक्यातच गुदमरायला झालं. या बिचाऱ्यांना आम्ही नाकापर्यंत पाण्यात बुडवलंय आणि वर झाकण लावलंय. त्यांना फटसुद्धा नाही."

अध्यक्ष फटीतून श्वास घेत होते. मग बाबांच्या खिशात काहीतरी खुळखुळलं.

"समितीचे दोन्ही पदाधिकारी हजर आहेत," बाबा अंधारात म्हणाले. "कुणाची हरकत?"

"नाही! तोडा!" अध्यक्ष फटीत ओरडले. "सगळं तोडा! दार तोडा!"

कट्ट.

आपलं सील बाबांनी आपल्या हातानं तोडलं. चिकटपट्टी फर्रकन निघाली, झाकण उघडलं, आणि बियांना हवा मिळाली. आमची मात्र गेली. बरेच दिवस बंद पाण्यात कुजत पडलेली माती काय वासाची असते हे मी लिहू शकतो, पण तुम्ही कदाचित जेवून वाचायला बसला असाल. चिटणीसांनी, ज्यांनी आयुष्यात नियमाविरुद्ध एक शब्द उच्चारला नव्हता, बाबांचा सदरा धरला. "लावा! परत लावा ते सील! मी संमती देतो!"

"आता नाही लागत," बाबा म्हणाले. "शिसं एकदाच."

वीज आली तेव्हा लिफ्ट तळमजल्यावर उतरली, दार उघडलं आणि बाहेर सभेसाठी जमलेली माणसं एकदम मागे सरली. आईनं मात्र खाली फरशीवरच बैठक मारली आणि वरचं पाणी ओतून टाकून बोटांनी माती चाचपायला सुरुवात केली. एक बी हातात पिचलं. दुसरं पिचलं. मग तिचं बोट थांबलं. तिनं एक बी तळहातावर घेऊन उजेडात धरलं. ते फुगलं होतं, टोकाशी किंचित उललं होतं, आणि त्या फटीतून काहीतरी पांढरं, नखाच्या कडेएवढं, बाहेर बघत होतं.

"हे जिवंत आहे," आई म्हणाली.

चाचपता चाचपता अशी आणखी काही निघाली. चिटणीस दूर उभे राहून, नाकाला रुमाल लावून म्हणाले, की सील तुटलं असल्यामुळे परीक्षा रद्द. पण अध्यक्ष अजून भिंतीला टेकून मोकळी हवा घोटाघोटानं पीत होते. त्या क्षणी ते मऊ झाले होते.

"एका आठवड्याची मुदत द्या त्यांना," ते म्हणाले. "पण ट्रे यांच्या घरात नको. तिथं प्रेम करणारी चार माणसं आहेत, त्या बियांचं काही खरं नाही. ट्रे माझ्याकडे राहील."

त्यांच्याकडे खिडकीजवळची, ऊन येणारी, सपाट अशी एकच मोकळी जागा होती. आईनं जिवंत बिया नव्या मातीत पेरल्या, वहिनींनी टॉवेल उचलले आणि ट्रे ट्रेडमिलवर विराजमान झाला.

अध्यक्ष आळशी माणूस. त्यांनी ट्रेचं काहीच केलं नाही. माती सुकलेली दिसली तर वहिनी भांडी विसळता विसळता थोडं पाणी शिंपडायच्या, एवढंच. खिडकी उघडी, ऊन आत, आणि कुणी उकरून बघायला नाही. बियांना हवं होतं ते सगळं फुकट मिळालं.

अध्यक्षांचं मात्र काहीतरी बिघडत गेलं. आधी ते जिन्यात भेटले की, "अजून काही नाही हं," असं म्हणायचे. मग न विचारता म्हणायचे. मग एका सकाळी आमची बेल वाजली. अध्यक्ष बनियनवर, डोळे तांबारलेले, आवाज कुजबुजता.

"वहिनी, उठलंय," ते आईला म्हणाले. "एकानं मान वर काढलीय. पण डोक्यावर त्या बियाचंच टरफल अडकलंय, टोपीसारखं. काढू का?"

"हात लावू नका!" आई चपला न घालताच जिना उतरली.

मीही धावलो. मातीतून एक फिकट, वाकडी मान वर आली होती आणि ती सरळ होण्याचा प्रयत्न करत होती. अध्यक्ष तिच्याकडे बघत होते, आणि मला खात्री आहे की ते श्वास रोखून बघत होते. स्वेच्छेनं.

पुढच्या सभेपर्यंत सगळ्या रोपांनी टोप्या टाकल्या आणि जाड, टपोरी पानं उघडली. आम्ही जिंकलो, असं मला वाटलं. मी सदरा इस्त्री करून गेलो. ट्रे टेबलावर, सर्वांसमोर. मी उठून बोलणार, एवढ्यात चिटणीस उठले.

"ठरावात 'त्यांच्या घरात उगवून दाखवायचं' असं आहे," ते म्हणाले. "हे अध्यक्षांच्या घरात उगवलंय."

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. मी त्यांच्याकडे बघितलं. "बरोबर ते बरोबर," ते पुन्हा म्हणाले आणि खाली बघू लागले.

"मग माझ्याच घरात उगवलं म्हणजे कोपरा माझाच," अध्यक्ष म्हणाले. "ट्रेडमिल राहू दे. भोपळा मीच लावतो. मला सवय झालीय त्यांची."

"तुम्हाला?" काकू मागून म्हणाल्या. "अहो, तुम्ही नुसते बघत होता!"

"बघायला पण मन लागतं!"

मग जी चर्चा पेटली तिच्यात मीही मागे नव्हतो. उगवणं म्हणजे मोड येणं की पान येणं? मोड लिफ्टमध्ये आला, तर लिफ्ट कुणाचं घर? सामाईक जागेत आलेला मोड सामाईक असतो का? चिटणीसांनी नियमावली उघडली. मी टेबलावर मूठ आपटली. मूठ ट्रेच्या कडेला लागली आणि एक रोप आडवं झालं.

आई उठली. तिनं रोप दोन बोटांनी सरळ केलं. "यांच्या मुळांना या उथळ ट्रेत आता जागा नाही," ती म्हणाली. "तुमचं होईपर्यंत ही जायची." एवढं बोलून तिनं ट्रे उचलला आणि बाहेर पडली. लिफ्टनं नाही, जिन्यानं. गुडघे दुखत असतानाही.

आम्ही दाराकडे बघितलं. मग, माझा मुद्दा महत्त्वाचा होता म्हणून, मी पुन्हा सुरू केला. बोलता बोलता लक्षात आलं की ताई जागेवर नाही. मग काकू नव्हत्या. मग अध्यक्षांची खुर्ची रिकामी दिसली, आणि ती लपून राहणारी गोष्ट नाही. शेवटी मी, बाबा आणि चिटणीस एवढेच उरलो. तिघंही बरोबर होतो, आणि ऐकायला कुणी नव्हतं.

आम्ही वर गेलो.

गच्चीच्या कोपऱ्यात ताई माती मोकळी करत होती, काकू दगड वेचून बाजूला टाकत होत्या, आणि अध्यक्ष चौथऱ्यापुढे गुडघ्यांवर बसून कोपरापर्यंत मातीत होते. आई त्यांच्या डोक्यावर उभी होती, आणि बाकीची सभा भोवती कोंडाळं करून.

"एवढं खोल नको, भाऊजी! त्याची मान गाडाल. हं, आता हलक्या हातानं दाबा. तबला नाहीये तो."

"असं?"

"तसं."

"ठराव झालेला नाही!" चिटणीस धापा टाकत म्हणाले.

आईनं मान वर केली नाही. "मग करा की. आम्ही सगळे इथंच आहोत."

चिटणीसांनी बाबांकडे बघितलं. बाबांनी चौथऱ्याकडे बघितलं, मग आईकडे. तिच्या कपाळाला माती लागली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं की बाबांनी खिशातली पक्कड चाचपली आणि पुन्हा सोडून दिली. "घ्या मतदान," ते म्हणाले.

"कोपरा यांना देण्याच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करावेत," चिटणीस म्हणाले.

काम करणाऱ्यांचे हात मातीत होते. आधी अध्यक्षांनी आपला वर काढला, आणि त्याबरोबर चिखलाचा एक गोळा उडून चिटणीसांच्या चष्म्यावर बसला. मग काकूंचा, ताईचा, बाबांचा आणि बाकी सगळ्यांचे. चिटणीसांना चष्म्यातून काही दिसेना, पण विरोधात कुणाचा आवाज आला नाही, त्यामुळे त्यांनी ठराव एकमतानं मंजूर धरला.

आईनं तिथल्या तिथं कामं वाटली. पाणी एकट्या काकूंनी घालायचं, आणि तेही आईला विचारून. वेल चढवायला काठ्या आणायच्या चिटणीसांनी. ताईनं लांबून तब्येत बघायची, पण शेक द्यायचा नाही. बाबांनी कशालाही काहीही बांधायचं नाही. अध्यक्षांना रोज सकाळी येऊन बघायची परवानगी मिळाली, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"आणि मी?" मी म्हणालो. सगळ्याची सुरुवात शेवटी माझ्यापासून झाली होती.

आईनं माझ्याकडे नीट बघितलं. हातावरची माती झटकली.

"तू असा लांब उभा राहा," ती म्हणाली, "आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांग की माझ्या आईचा भोपळा आहे."

ते मी करतो. आणि सांगायला संकोच वाटत नाही, काम चोख होतं.